गवतगाडीचा आरसा

“मग दोष कुणाचा, उस्ताद? तेवढं एक सांगा. कुणाचा?”

मल्लिनाथ घेवारी हे तिसऱ्यांदा विचारत होता, आणि दर खेपेला त्याचा आवाज एक पट्टी वर चढत होता.

बाबालाल मुजावर बशीतल्या चहावर फुंकर मारत होते. वयामुळे उस्तादांचे हात थरथरत. बशी ओठांपर्यंत जाईतो चहा दोन्ही काठांना लागून परत यायचा.

“उस्ताद, मी तुम्हाला विचारतोय.”

“ऐकतुय की.”

“मग बोला की कायतरी!”

“तुझं हूं दे आधी.”

मल्लिनाथचं इतक्यात होणार नव्हतं. तो सांगलीहून मिरजेपर्यंत सबंध रस्ताभर मनातल्या मनात भांडत आला होता. मोटरसायकलवर मागे पोतं बांधलेलं, पोत्यात इंजिनाचा सांगाडा, आणि डोक्यात ज्या ज्या माणसांनी त्याचं वाटोळं केलं त्यांची यादी.

मालधक्क्याच्या मागे ही पत्र्याची शेड आहे. उस्ताद तिच्यात पन्नास वर्षं इंजिनं बांधतात. विहिरीवरचे पंप, पिठाच्या गिरण्या, जनरेटर, जे येईल ते. मल्लिनाथने इथेच नऊ वर्षं काढली होती. चार वर्षांपूर्वी सांगलीच्या एका जिमखान्यात मशिनरी सांभाळायची नोकरी लागली, तेव्हा तो उस्तादांच्या पाया पडून गेला. खरं सांगायचं तर पाया पडताना त्याच्या मनात असंही आलं होतं, की आता आपण उस्तादांपेक्षा चांगलं काम करून दाखवू. असं प्रत्येक हुशार शागीर्दाच्या मनात येतं. त्यात वावगं काही नाही.

जिमखान्याचं मैदान मोठं. त्यावरचं गवत कापायला बसून चालवायची एक मशीन होती. वर खुर्ची, पुढे इंजिन, पोटाखाली गरगर फिरणारी पाती. माळी तिला गवतगाडी म्हणत. अकरा वर्षं ती गाडी रोज मैदानावर फिरली आणि इंजिन पार झिजलं. चढ आला की धापा टाकायचं, लिटरभर ऑईल दोन दिवसांत पिऊन टाकायचं.

जिमखान्याचे सेक्रेटरी अनगळसाहेब म्हणाले, गाडी भंगारात काढू.

मल्लिनाथ म्हणाला, भंगारात कशाला? मी इंजिन बांधून देतो, पुन्हा अकरा वर्षं बघायला नको.

त्याने बांधलं. सिलिंडर आतून मोठा करून घेतला, नवा पिस्टन, नव्या रिंगा, नवे व्हॉल्व्ह, सगळं नवं. अनगळसाहेबांनी नारळ फोडला. मल्लिनाथ खुर्चीवर बसला, चावी फिरवली, आणि सायलेन्सरमधून असा निळा धूर निघाला की व्हरांड्यात बसलेल्या बायकांनी पदर नाकाला लावले.

“घेवारी,” कमिटीतले एक जण म्हणाले, “डासांची फवारणी आजच ठेवली होती काय?”

सगळे हसले. माळीसुद्धा हसले.

मल्लिनाथने इंजिन पुन्हा खोललं, पुन्हा बांधलं. पुन्हा सगळे जमले. या वेळी धूर जास्त निघाला आणि हसणारेही जास्त होते. तेव्हा त्याचं डोकं फिरलं. तो खुर्चीवरून उतरला आणि सगळ्यांदेखत बोलून गेला, “तिसऱ्यांदा धूर निघाला, तर पाना खाली ठेवीन.”

मिरज-सांगलीकडच्या मिस्त्री लोकांत हे बोलणं साधं नाही. चारचौघांत ज्याने पाना खाली ठेवला, तो पुन्हा त्या गावात पाना उचलत नाही. उचलला तरी त्याच्याकडे कुणी इंजिन आणत नाही. कमिटीला यातलं काही माहीत नव्हतं. मल्लिनाथला पुरतं माहीत होतं.

आज गुरुवार होता. कमिटी शनिवारी सकाळी मैदानावर जमणार होती.

“रिंगा बोगस,” मल्लिनाथ म्हणाला. “डब्यावर नाव झकास, आत काय भरतात कोण बघतो? दुकानात जाऊन विचारलं तर गल्ल्यावरचा माणूस मलाच म्हणतो, बसवताना चुकलं असेल. माझं चुकलं! जन्मात ज्यानं पिस्टन हातात धरला नाही, तो मला सांगतो!”

“हं.”

“ऑईल तसलंच. भेसळ असणार. सगळीकडं भेसळ आहे.”

“हं.”

“आणि तो लेथवाला तर… त्याला तर उभा केला पाहिजे चौकात. सिलिंडर मोठा करायला दिला, तर आत सगळे ओरखडे! मांजरानं नखं मारल्यासारखे. तिरके, आडवे, एकावर एक. असलं काम गिऱ्हाइकाच्या हातात देताना माणसाला जराशी शरम?”

उस्तादांनी बशी खाली ठेवली.

“मग?”

“मग काय! घासून काढले मी. पहिल्यांदा दोन दिवस घासला. तरी धूर. दुसऱ्यांदा खोलला आणि चार दिवस घासला. तर जास्तच धूर! आता आठ दिवस, उस्ताद. आठ दिवस! पॉलिश पेपर, मग त्याच्याहून बारीक, मग पितळेचं पॉलिश, मग मऊ धोतराचं फडकं. ही बोटं बघा.”

बोटांची सालं निघाली होती, यात खोटं काही नव्हतं.

“दोन दिवस घासलंस तर थोडा धूर,” उस्ताद म्हणाले. “चार दिवस घासलंस तर जास्त.”

“हां.”

“म्हणून आठ दिवस घासलंस.”

“तेच तर सांगतोय कधीपासनं! एवढं करूनसुद्धा मला खात्री वाटत नाही. आता तुम्हीच सांगा, आणखी किती घासायचा?”

उस्ताद त्याच्याकडे बघत राहिले…

मल्लिनाथला ती नजर आवडली नाही. आपण एवढ्या तळमळीने सांगावं आणि समोरच्याने असं थंडपणे बघावं, याचा कुणालाही राग येईल.

“दाखीव,” उस्ताद म्हणाले.

मल्लिनाथने पोतं सोडलं. आत धुतलेल्या पंच्यात गुंडाळलेला सिलिंडर होता. तान्ह्या मुलाला ठेवावं तसा त्याने तो बाकावर ठेवला आणि पंचा बाजूला केला. पत्र्याच्या भोकातून उन्हाची एक तिरीप नेमकी आत पडली, आणि सिलिंडर झगझगला.

काम सुरेख होतं. कुठे डाग नाही, रेघ नाही. राग क्षणभर विसरून मल्लिनाथ स्वतःच त्याच्याकडे बघत राहिला.

“वाक. आत बघ,” उस्ताद म्हणाले.

“आठ दिवस तेच बघतोय.”

“काय दिसतंय?”

“काय दिसायचं? आरसा आहे आरसा.”

“आरशात काय दिसतंय?”

मल्लिनाथने आत पाहिलं. लांबुळकं झालेलं नाक, आठ दिवसांची दाढी, तांबारलेले डोळे.

“मी.”

उस्तादांनी ऑईलच्या डब्यात करंगळी बुडवली आणि एक थेंब त्या चकचकीत भिंतीवर वरच्या कडेला लावला. थेंब टिकला नाही. सरसर घसरत तळाला गेला.

“ग्येलं,” उस्ताद म्हणाले.

“जाणारच. उभी भिंत आहे.”

“हं…”

उस्ताद उठले. भिंतीवरच्या खिळ्याला एक लोखंडी दांडी टांगलेली होती. तिच्या टोकाला तीन बाजूंनी कुरुंदाचे तीन दगड बसवलेले. उस्तादांनी ती काढली, दगड रॉकेलमध्ये बुचकळले, आणि दांडी घेऊन सिलिंडरपाशी आले.

दगड खरखरीत होते. असल्या दगडाने सुरीला धार लावतात.

काय होणार आहे हे मल्लिनाथच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. ध्यानात आलं तेव्हा दगड सिलिंडरच्या तोंडाशी पोचले होते.

त्याने झडप घालून उस्तादांचं मनगट धरलं.

कामावर असताना उस्तादाचा हात धरणं ही गोष्ट त्या शेडमध्ये कधी घडली नव्हती. बाहेर मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळत होते.

“हात सोड,” उस्ताद शांतपणे म्हणाले.

“नाही सोडणार.”

“मल्ली…”

“आठ दिवस, उस्ताद! जेवणखाण सोडून आठ दिवस! माझी बायको म्हणाली, त्या लोखंडाला एवढं कुरवाळताय, आमच्याकडं कधी एवढं बघितलं नाही. आणि तुम्ही त्याच्यावर दगड फिरवणार? तुम्हाला मदत मागायला आलो मी. माझं काम नासवून घ्यायला नाही!”

तो बोलत होता आणि उस्तादांचं मनगट त्याच्या मुठीत होतं. बोलता बोलता त्याला काहीतरी विचित्र वाटलं. त्याने खाली पाहिलं.

ते मनगट थरथरत नव्हतं.

मघाशी चहाची बशी ज्या हाताला पेलवत नव्हती, तोच हात दांडी धरल्यावर दगडासारखा स्थिर होता. मल्लिनाथने आपोआप मूठ सोडली.

“ह्ये दगड फिरवलं न्हाईत तर धूर थांबत न्हाई,” उस्ताद म्हणाले. “लेथवाल्यानं फिरवलं हुतं. तू घासून काढलंस.”

“म्हणजे ते ओरखडे…”

उस्तादांनी दगडांवरचं रॉकेल झटकलं.

मल्लिनाथ काही मठ्ठ नव्हता. एकदा टोक सापडल्यावर गुंता सोडवायला त्याला वेळ लागला नाही. “ओरखड्यांत ऑईल थांबतं? आणि रिंगा त्यांच्यावरच घासून बसतात? भिंत गुळगुळीत असली तर ना ऑईल थांबणार, ना रिंगा बसणार… मग ऑईल वर जाऊन जळणार… आणि मी जेवढा जास्त घासणार…”

उस्तादांनी मान डोलावली.

आता याने शहाण्या माणसाला बरं वाटायला हवं. दोष सापडला, शनिवार हातचा गेला नाही, पाना वाचला. पण मल्लिनाथ कानापर्यंत तांबडा झाला.

“नऊ वर्षं!” तो ओरडला. “नऊ वर्षं मी इथं राबलो. तुम्ही म्हणाल ते केलं. आणि एवढी गोष्ट, एवढीशी गोष्ट, मला एकदा सांगता आली नाही तुम्हाला? मला वाटायचं उस्तादांनी सगळं दिलं. सगळं नाही दिलंत! एक राखून ठेवलंत. म्हणजे मल्लिनाथ कुठंही गेला, कितीही मोठा झाला, तरी हात जोडून परत याच दारात यायला पाहिजे! हो की नाही? चारचौघांत माझ्या तोंडाला काळं लागलं ते तुमच्यामुळं, उस्ताद. रिंगवाल्यामुळं नाही, लेथवाल्यामुळं नाही. तुमच्यामुळं!”

असं बोलणं त्याला शोभलं नाही. पण त्या घडीला ते त्याला अगदी खरं वाटत होतं, आणि मनापासून रागावलेला माणूस शोभण्या-न शोभण्याचा विचार करत नाही.

उस्ताद स्टुलावर बसले. दांडी मांडीवर आडवी घेतली.

“दगड मी फिरवायचो,” ते म्हणाले. “फिरवून झाल्यावर सिलिंडर कोण धुयाचं?”

“… मी.”

“कशानं?”

“साबणानं. गरम पाण्यानं.”

“डोळं मिटून?”

मल्लिनाथची नजर सिलिंडरच्या तोंडाकडे गेली.

नऊ वर्षं त्याने शेकड्याने सिलिंडर धुतले होते. आत हात घालून, बोटं फिरवून, उन्हात धरून. प्रत्येकात ते ओरखडे होते. तिरके जाणारे, एकमेकांना छेदणारे, चटईच्या विणीसारखे. ते त्याने आजवर कधी पाहिलेच नाहीत असं नव्हतं. रोज पाहिले होते.

“दिसत होते,” तो म्हणाला.

“मग इचारलं का न्हाईस?”

मल्लिनाथने बाकावरचा पंचा हातात घेतला.

“सांग की. का न्हाई इचारलंस?”

मल्लिनाथने पंच्याला एक गाठ मारली आणि सोडली. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

“मला वाटलं… तुमचे हात थरथरतात.”

“बरं.”

“मला वाटलं त्यानं ओरखडे उठतात. दगड नीट धरवत नाही म्हणून.” त्याचा आवाज एकदम खाली आला. “उस्तादाला हे कसं म्हणायचं? लोक एवढं नाव घेतात तुमचं. मी म्हटलं, आपण बोलायचं नाही. आपण स्वतंत्र झालो की काम कसं स्वच्छ करायचं ते करू. पण उस्तादांबद्दल तोंडातनं चकार शब्द काढायचा नाही.”

उस्ताद हसले नाहीत. रागावलेही नाहीत.

“आन् चौगुल्याच्या इंजिनाचं काय?” त्यांनी विचारलं.



चौगुले मालगावचा वीटभट्टीवाला. सात वर्षांपूर्वी त्याने पाण्याच्या पंपाचं इंजिन बांधायला टाकलं होतं. उस्तादांनी दगड फिरवले आणि जुम्म्याच्या नमाजाला गेले. मल्लिनाथ एकटाच होता. चौगुले मोठा फटकळ माणूस, प्रत्येक गोष्ट उघडून बघणारा. त्याला हे ओरखडे दिसले तर तो गावभर करील, असं मल्लिनाथला वाटलं. म्हणून त्याने पॉलिश पेपर घेतला आणि उस्ताद परत यायच्या आत सिलिंडर घासून लख्ख करून ठेवला. त्या दिवशी त्याला फार समाधान वाटलं होतं. आपण उस्तादांची लाज राखली, असं वाटलं होतं.

बाराव्या दिवशी चौगुले इंजिन घेऊन परत आला.

त्याने दारातूनच सुरुवात केली. धूर ओकतंय म्हणाला. भट्टीवर पाणी नाही, चिखल वाळला, मजूर बसून आहेत म्हणाला. मग बोट नाचवत म्हणाला, “म्हाताऱ्या, हात चालत नसतील तर घरी बस. आमची इंजिनं कशाला मारतोस?”

शेडमध्ये सातआठ गिऱ्हाइकं होती. उस्ताद खाली मान घालून उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, “चुकी झाली. परत बांधून देतो.”

मल्लिनाथने त्या दिवशी पहार उचलली होती. उस्ताद मध्ये पडले म्हणून, नाहीतर चौगुले दवाखान्यात गेला असता. तेव्हापासून मल्लिनाथने चौगुल्याशी बोलणं टाकलं होतं. रस्त्यात दिसला तर तोंड फिरवायचा. माझ्या उस्तादाला म्हातारा म्हणाला! त्याच्या कामाला नावं ठेवली! सात वर्षं हा राग त्याने निगुतीने सांभाळला होता.

आणि तो धूर त्याचा स्वतःचा होता.

“तुम्हाला माहीत होतं?” मल्लिनाथने विचारलं.

“खोललं तवा दिसलं. आतमदी आरसा हुता.”

“मग माझं नाव का नाही घेतलंत?”

उस्तादांनी खांदे उडवले.

“का नाही घेतलंत?” मल्लिनाथ उभाच राहिला. राग गेला नव्हता, त्याला फक्त जायला जागा उरली नव्हती. “सगळ्या गिऱ्हाइकांसमोर त्यानं तुमची लाज काढली. तुम्ही खाली मान घालून उभे! ज्यानं केलं तो शेजारी पहार घेऊन मिरवतोय, आणि तुम्ही म्हणता चुकी झाली! कशाला ऐकून घेतलंत? मला दोन थोबाडीत द्यायच्या होत्या, उस्ताद! हात धरून फरफटत बाहेर काढायचा होता! त्याच दिवशी सांगितलं असतं तर आज ही वेळ आली नसती माझ्यावर. का नाही सांगितलंत?”

मालगाडी हलली. पत्रे थोडा वेळ खडखडत राहिले, मग थांबले…

“तू माझी लाज झाकत हुतास,” उस्ताद म्हणाले. “झाकणाऱ्याचा हात कसा धरू?”

मल्लिनाथ मटकन खाली बसला. त्याला रडू आलं आणि ते लपवायला त्याने पंच्याने तोंड पुसलं. पंच्याला पितळेच्या पॉलिशचा वास होता. त्याला त्या वासाची शिसारी आली. स्वतःचीही आली.

मग त्याने हात पुढे केला.

“द्या ती दांडी.”

उस्तादांनी दिली.

मल्लिनाथने दगड रॉकेलमध्ये बुडवले आणि सिलिंडरच्या तोंडाशी धरले. आता त्याचाच हात थरथरत होता. आठ दिवसांचं काम डोळ्यांसमोर लखलखत होतं. दोनदा त्याने दांडी आत घातली आणि दोनदा बाहेर काढली.

“थांबलास तर खड्डा पडंल,” उस्ताद म्हणाले. “फिरव. आन् फिरवता फिरवता वर-खाली.”

त्याने दातओठ आवळले आणि फिरवली. करकर आवाज झाला. तो आवाज त्याच्या काळजाला लागला, पण त्याने हात थांबवला नाही. पहिल्याच फेऱ्यात आतला चेहरा पुसला गेला. रॉकेल काळं होऊन खाली गळू लागलं. वर, खाली, वर, खाली. हळूहळू भिंतीवर वीण उठू लागली.

“बास.”

त्याने सिलिंडर धुतला. नऊ वर्षं धुतला तसाच, साबणाने, गरम पाण्याने, पांढरं फडकं पांढरं बाहेर येईपर्यंत. उन्हात धरून पाहिला. आता आत काहीच चमकत नव्हतं. राखाडी, खरबरीत, म्हटलं तर कुरूप. त्याने करंगळीने ऑईलचा थेंब लावला. थेंब पसरला आणि तिथेच राहिला.

मल्लिनाथने सुस्कारा सोडला.

“उद्या दिवसभर बसून जोडतो,” तो म्हणाला. “परवा सकाळी गाडीवर चढवतो. नव्या रिंगा आहेतच. आता धूर नाही निघणार.”

“निघंल.”

“काय?”

“पयल्यांदा निघंल. रिंगा बसूस्तर. आतमदी लावल्यालं ऑईल जळूस्तर.”

“किती वेळ?”

“घटकाभर. कवा जास्त.”

मल्लिनाथच्या तोंडचं पाणी पळालं. “घटकाभर! अहो, कमिटी समोर उभी असणार! अनगळसाहेब, ते फवारणीवाले, सगळे. धुराचा पहिला लोट दिसला की हसायला लागतील. घटकाभर कोण थांबतंय बघायला?” त्याने घाईघाईने डोकं चालवलं. “असं करतो. आधी शेडमध्येच चालू करून ठेवतो. धूर संपला की मग मैदानावर काढतो.”

“रिकामं चालवून रिंगा बसत न्हाईत. उलट बिघडत्यात. वज्जं पडाय पायजे. गवतात घालाय पायजे.”

“म्हणजे मैदानावरच.”

“गवत तितंच हाय.”

“म्हणजे सगळ्यांसमोरच!”

उस्तादांनी स्टोव्ह पेटवला आणि उरलेला चहा गरम करायला ठेवला.

मल्लिनाथ येरझाऱ्या घालू लागला. हा कुठला न्याय? चूक कळली, चूक मान्य केली, स्वतःच्या हाताने स्वतःचं काम मोडलं, तरी पुन्हा त्याच लोकांपुढे तोच धूर! आणि त्यांना समजावणार कोण, की हा धूर वेगळा आणि तो धूर वेगळा? दोन्ही निळेच. ऐकून घेणार आहेत का ते? इंजिन म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांच्यापुढे माणसाने किती वेळा उघडं पडायचं?

हे सगळं तो मोठ्याने बोलत होता, हे त्याला उशिरा कळलं.

तो उस्तादांसमोर येऊन उभा राहिला.

“उस्ताद, मी शब्द दिलाय. सगळ्यांदेखत बोललोय, धूर निघाला तर पाना खाली ठेवीन. तुम्हाला माहीत आहे आपल्यात ह्याचा अर्थ काय होतो ते. आणि तुम्ही म्हणताय, धूर निघणारच. आता मी काय करू?”

उस्तादांनी चहा बशीत ओतला. हात पुन्हा थरथरू लागला होता. त्यांनी बशी मल्लिनाथपुढे धरली.

“ठेव की खाली,” ते म्हणाले.

“… ठेवू?”

“मग? धूर जाऊस्तर गवतगाडी चालवाय दोन्ही हात मोकळं लागत्यात.”